साळोबाचा दहावा

एका जंगलात, मुलांनो, सगळ्यांकडे मोबाईल होते आणि कंटाळा फक्त एकालाच आला होता. त्याचे नाव साळोबा. जातीने साळिंदर, स्वभावाने भिडस्त.

सकाळी डोळे उघडले की ग्रुप, मिटेपर्यंत ग्रुप. साळोबाची मान आखडली. डोळ्यांतून पाणी येऊ लागले. शेवटी त्याने मोबाईल एका वारुळात टाकला आणि चार दिवस नदीपलीकडे कंद उकरायला निघून गेला. कुणाला सांगितले नाही. सांगायचे तर ग्रुपवरच सांगावे लागले असते!

दुसऱ्या दिवशी त्याचे ‘सुप्रभात’ आले नाही. ग्रुपप्रमुख मुंगूसरावांनी विचारले, “साळोबा बरे आहेत ना?”

हरणाला ठाऊक नव्हते. त्याने नुसते हात जोडले. ते जोडलेले हात पाहून रानडुकराने फूल वाहिले. फूल पाहून उरलेल्यांनी ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लिहिली. दुपारपर्यंत साळोबा वारला.

इकडे साळोबाची मान मोकळी झाली. भूक लागू लागली. चार दिवसांचे दहा कधी झाले, त्याला कळलेच नाही.

परतताना त्याला घाटावर गर्दी दिसली. पिंड मांडला होता. वर फांदीवर कावळा बसला होता.

“कोण गेलं हो?” साळोबाने मागून हळूच विचारले.

“साळोबा,” मुंगूसराव डोळे पुसत म्हणाले. “सोन्यासारखा जीव. काटे एवढे, पण कधी कुणाला टोचला नाही.”

साळोबाला भरून आले. इतके चांगले त्याच्याविषयी कधीच कुणी बोलले नव्हते. तो चार आसवे गाळणार, तेवढ्यात घोरपडकाकू म्हणाल्या, “कावळा शिवला की मी त्याच्या बिळात सामान हलवते. तोवर बरं दिसत नाही.”

“अहो काकू, मी इथं उभा आहे! बीळ माझं आहे!”

मुंगूसरावांनी पिंडाशेजारी ठेवलेला साळोबाचा फोटो पाहिला. मग त्याला पाहिले.

“चेहरा जुळतो. पण तुम्ही जिवंत असल्याचं ग्रुपवर काही आलेलं नाही.”

“आत्ता टाकतो की!”

“कसं टाकाल? गेलेल्यांना आम्ही ग्रुपमध्ये ठेवत नाही.”

कावळा काही शिवेना. मंडळी म्हणाली, काहीतरी इच्छा राहिली असेल. हरीण हात जोडून म्हणाले, “बाबा रे, तुझे सगळे फोटो आम्ही लाईक करू!” कावळा ढिम्म.

“मी बीळ रोज सारवीन हो!” घोरपडकाकू म्हणाल्या. तरी ढिम्म.

ऊन चढले. मुंगूसराव वैतागले. “पुरे झालं. दर्भाचा कावळा करा आणि तोच शिववून मोकळे व्हा.”

तसा कावळा खाली वाकून कुजबुजला, “साळोबा, तू धडधाकट आहेस म्हणून सकाळपासून उपाशी बसलोय. पण दर्भाचा केला तर तू जाणारच, वर माझं जेवणही जाणार. बोल, काय करू?”

साळोबाने इकडेतिकडे पाहिले. म्हातारी मंडळी आपल्यापायी उन्हात ताटकळली आहेत, हे पाहून त्याला फार ओशाळल्यासारखे झाले.

“शिवा,” तो म्हणाला.

कावळा शिवला. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि पिंडाचा फोटो काढला. साळोबा नदीपलीकडे नवे बीळ खणायला गेला.

तात्पर्य : चार दिवस इंटरनेट बंद ठेवणे प्रकृतीला फार चांगले. मान मोकळी होते, भूक लागते आणि आपण किती गुणी होतो, ते जिवंतपणीच ऐकायला मिळते. बीळ तेवढे जाते.