बत्तीस टक्के आणि एक थेंब

पडद्यावर: २१

यंत्रं मला वश आहेत! हे मी नाही, बायको म्हणते. म्हणजे म्हणायची. मेव्हणीचं लग्न होऊन साडू आमच्यात येईपर्यंत.

साडूच्या मनगटावर नवाकोरा, रंगीत डायव्ह कॉम्प्युटर. माझ्या मनगटावर जुना, साबणाच्या वडीएवढा. पाण्याखाली किती खोल गेलो, वर कधी यायचं, हे तो सांगतो. पण सिलिंडरमध्ये साध्या हवेऐवजी नायट्रॉक्स असेल, म्हणजे ऑक्सिजन जरा जास्त, तर तसं त्याला आधी सांगावं लागतं. साध्या हवेचा आकडा एकवीस टक्के. आज हवा होता बत्तीस.

"ज्याचा कॉम्प्युटर बत्तीसवर नाही, तो बोटीवर बसेल," डायव्हिंगच्या दुकानाच्या मालकीणबाईंनी बजावलं.

पाण्यात जोडीनं उतरतात. मेव्हणी पाण्यात पायसुद्धा घालत नाही. मग मी बोटीवर बसलो, तर बायकोची जोडी कुणाशी? बरोब्बर!

"साडूभाऊ, देऊ का सेट करून?" साडूनं मला विचारलं.

"हॅ! दोन बटणांचं तर काम!"

पडद्यावर: थेंब

मी यंत्र काढून हातात घेतलं, बटणं दाबली. मेनू उघडेना. नुसतं थेंबाचं चित्र!

या जुन्या यंत्राच्या पाठीवर धातूचे दोन ठिपके आहेत. ते ओले झाले की त्याला वाटतं, स्वारी पाण्यात उतरली. आणि पाण्यात ते सेटिंगला हात लावू देत नाही.

पण मी तर कोरड्या जमिनीवर!

शेजारी साडू बायकोच्या जॅकेटचा पट्टा आवळत होता. "फार घट्ट नाही ना झाला, ताई?" ताई म्हणतो म्हणून काय झालं!

"तुला बरं जमतं रे सगळं!" बायको म्हणाली.

हे वाक्य माझं होतं! लग्नापासून माझं!

माझ्या तळहातांना घाम फुटला. यंत्र शर्टाला पुसलं. थेंब गेला.

"ताई, माझ्यात होकायंत्रपण आहे."

"अय्या, बघू!"

थेंब हजर. जळत होतो मी, आणि यंत्राला वाटत होतं मी भिजलोय!

"भाऊजी, हात एवढे ओले कसे?" मेव्हणीनं विचारलं.

"हवा दमट आहे."

"मग माझे कोरडे कसे?"

"आणा इकडे," साडूनं हात पुढे केला. "फुंकर मारून देतो."

माझ्या यंत्रावर याची फुंकर? मी तडक कपडे बदलायच्या खोलीत पळालो. तिथे भिंतीला केस वाळवायचा ड्रायर होता.

पडद्यावर: ३२

ड्रायर पूर्ण जोरात! यंत्र तव्यासारखं तापलं. थेंब पळाला, मेनू उघडला, आकडा चढत गेला आणि बत्तीस! त्याच क्षणी दिवे गेले. बाहेर सिलिंडर भरत मघापासून घुरघुरणारा कॉम्प्रेसरही गप्प झाला.

"बत्तीस!" मी विजयी वीरासारखा बाहेर आलो.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मालकीणबाईंच्या हातात कॉम्प्रेसरची नळी होती, नळीच्या टोकाला सिलिंडर.

"ड्रायर कुणी लावला? फ्यूज उडाला! दोन भरले, हा अर्धाच राहिला. अर्ध्यावर मी कुणालाही उतरू देणार नाही."

"कुणाचा आहे हा?" मी उगाच विचारलं. त्यावर चिकटपट्टी माझ्याच नावाची होती.

"अरे, त्याला द्यायचंस ना!" बायको म्हणाली. "फुंकरच मारणार होता बिचारा!"

बिचारा!!

पडद्यावर: अजूनही ३२ (उपयोग नाही)

बोटीवर मी आणि मेव्हणी. पाण्यावर बुडबुड्यांच्या दोन रांगा.

"जवळ जवळ येतायत का गं त्या?"

"भाऊजी, बुडबुडे आहेत ते!"

"तुला काहीच वाटत नाही?"

"वाटतं ना! ताई फोनवर तुमचं कौतुक करते तेव्हा. आमच्या यानं घरातला एक बल्ब बदललेला नाही कधी. मी रोज तुमचं उदाहरण देते. शेवटी वैतागून त्यानं तो नवा कॉम्प्युटर घेतला, तुमच्यावर मात करायला."

माझ्यावर! माझी छाती फुगली. हात खडखडीत कोरडे झाले. साडूबद्दल चक्क माया दाटून आली.

तेवढ्यात दोघं वर आले. बायको हसत होती, आणि तिचा हात साडूच्या हातात!

"अरे, काय मजा आली! आता दर वेळी यालाच जोडीला घेणार मी!"

मनगटावर टिंग वाजलं. थेंब.

"काय म्हणतंय रे तुझं यंत्र?" तिनं पाण्यातून विचारलं.

"खोली दाखवतंय."

"किती?"

मी हात पाठीमागे लपवला.

पडद्यावर: ०.० मीटर