टेनेबल नाही

“आई, हे टेनेबल न्हाई,” राजशेखर म्हणाला, आणि नीलाबाईंच्या हातातला कप ओठांपाशीच थांबला.

तो लातूरहून गाडी घेऊन त्यांना कायमचं न्यायला आला होता. कंधारच्या घरात मी एकटी नीट राहते, असं त्या सकाळपासून सांगत होत्या. पण हा शब्द त्यांच्या नवऱ्याचा, गुरुलिंग सरांचा. शाळेत इंग्रजी शिकवून आलेला तो माणूस घरीही बायकोचं म्हणणं याच एका शब्दानं खोडायचा. सर जाऊन वर्ष झालं होतं, आणि मुलाचा आवाज अगदी तसाच निघाला. डोळे भरलेले त्याला दिसू नयेत म्हणून नीलाबाई देवघराच्या खोलीत गेल्या आणि आतून कडी लावली.

कडी अडकली.

“आई, काय करून राहिलीस?”

“पूजा!”

आवाज ऐकून शेजारची बसम्मा आली. “पूजा तर सकाळीच झाली की!”

“आज दुसऱ्यांदा हाय!”

कडी निघत नाही म्हणावं, तर एकटं राहण्याचा मुद्दा तिथंच संपत होता.

बराच वेळ गेला. राजशेखर दाराला टेकून बसला. “रागावलीस व्हय? अप्पांचा शब्द तोंडात बसलाय बघ. कुठून आला ते बी ठाऊक न्हाई.”

“मला ठाऊक हाय,” आतून आवाज आला. “लग्न झाल्यावर किल्ला दाखवायला नेलं होतं त्यांनी, तवा सांगितलं. मूळ लॅटिन, म्हणजे धरून ठेवणं. फ्रेंचातून इंग्रजीत आला. वेढा पडला तरी धरून ठेवता येतो तो किल्ला टेनेबल. मग माणसाच्या म्हणण्याला बी म्हणाया लागले. कुणी तोडाया आलं तरी टिकतं, ते.”

“नव्या नवरीला हे सांगितलं?” बसम्मानं विचारलं.

“दुसरं काय येत होतं त्यांना बोलायला!” नीलाबाई हसल्या, आणि हसता हसता त्यांना हुंदका आला.

राजशेखर ताडकन उठला. “ही पूजा न्हाई! कडी अडकलीय. पहार आणा!”

“पहार कशाला?” बसम्मानं खांदा लावून दार जरासं वर उचललं. “सरकव, नीलाक्का.” कडी निघाली. “रोजचंच हाय,” ती बोलून गेली आणि तिनं जीभ चावली.

“रोजचं?”

नीलाबाई पदरानं तोंड पुसत बाहेर आल्या. “हाव, रोजचं. मी हाक मारते, ही येते. हिचा गुडघा धरला की मी जाते. मग एकटी कुठं हाय मी?”

राजशेखर दोघींकडं बघत राहिला. वडिलांसारखीच त्यानं मान हलवली. “हे मातर टिकतंय. ऱ्हा मग.”

नीलाबाईंनी ऐटीत बसम्माकडं पाहिलं. बसम्मा जमिनीकडं बघत होती.

“सांगीन सांगीन म्हणत होते, नीलाक्का. माझा पोरगा व्यंकट येणार हाय सोमवारी. जळकोटला नेतो म्हणतोय, कायमचं.”

“तू काय म्हणलीस?”

“माझं कोण ऐकतंय?”

नीलाबाईंनी बसम्माचं मनगट धरलं, तिला खोलीत ओढलं आणि दार लावून घेतलं. कडी करकरत बसली.

“आई, उघड!” राजशेखर दारावर थापा मारत म्हणाला. “आता बाहेरून दार उचलायचं कुणी?”

“किल्ला धरून ठेवलाय!” आतून नीलाबाईंचा आवाज आला.