शाणू सरांची चार घरं

आमचे डिचोलीचे शेजारी शाणू सर रस्त्यात गाय आडवी आली की स्कूटर थांबवतात आणि तिला विचारतात, "काय गो, देवमासामामा बरा ना?"

हायस्कुलात विज्ञान शिकवून सर निवृत्त झाले, पण खोड काही सुटली नाही. आता त्यांचा वर्ग म्हणजे मी, माझी बायको सुलभा आणि सकाळी सायकलवरून पाव घेऊन येणारा पोदेर. आईच्या पोटात वार-नाळेवर वाढणारे सगळे प्राणी शास्त्रज्ञांनी चार घरांत बसवलेत, हे त्या पोदेरालासुद्धा आता पाठ झालंय. हत्तीच्या घरात समुद्रगाय. गाईच्या घरात देवमासा, कुत्रा आणि वटवाघूळसुद्धा. मुंगीखाऊचं बिऱ्हाड तिकडे अमेरिकेत. आणि आपण?

"आपण उंदराकडचे," सर अभिमानाने सांगतात. पूर्वी म्हणे रूपावरून नाती लावायचे, सगळा घोळ; आता जनुकं बघतात. तोवर पोदेर पाव टेकवून सटकलेला असतो.

मी दोडामार्गाकडचा. सुलभा आमच्या जातीची नाही. यंदा गणेश चवथीला घरून फोनवर निरोप आला, तू ये, तिला आणू नको. नेवऱ्यांसाठी, म्हणजे आमच्या करंज्यांसाठी, काढलेला रवा सुलभाने परत डब्यात ओतला. मी फोनवर आवाज चढवला. सरांची आणि आमची भिंत एकच, त्यांनी सगळं ऐकलं असणार.

सर दरवर्षी चवथीला मोरजीला भावाकडे जातात. यंदा मात्र सकाळीच आमच्या दारात उभे. म्हणाले, "सुलभा, माझ्या घरी गणपती आणलाय गो. पण नैवेद्य रांधायला मला येत नाही. येशील?"

आमच्याकडे गणपती एकदा घरात आणला की दरवर्षी आणावाच लागतो. एकट्या म्हाताऱ्याने हा व्याप आमच्यासाठी जन्मभर गळ्यात घेतला होता. कुठे फेडू हे उपकार?

आरती झाली. सरांनी मूर्तीकडे बोट दाखवलं. "बघ, हत्ती त्या घरचा, उंदीर आपल्या घरचा. देवाने स्वतःच सोयरीक जमवली. आता कोण काय बोलणार?"

सुलभा खूप दिवसांनी हसली. जेवताना मी विचारलं, मोरजीला भाऊ वाट बघत असतील ना?

सर भात कालवत राहिले. "तिथं मला नको कोण म्हणत नाही रे," ते म्हणाले. "पण ये असंही कोण म्हणत नाही."

सुलभाने त्यांच्या पानात नेवरी वाढली. "रात्रीचं जेवणही इथंच करायचं सर, आपण तिघांनी," ती म्हणाली. सरांनी मान खाली घालूनच होकार दिला.