तुळशीरामभाऊची फुंकणीवाली मोटार

सानगडीत काहीही बिघडलं की तुळशीरामभाऊचं निदान ठरलेलं असे: "हवा कमी पडून राहिली." आमची चूल धुपली, हवा कमी. माझ्या वर्गाचा निकाल पडला, पोरांच्या डोक्यात हवा कमी. फक्त सरपंचाचं भाषण लांबलं तेव्हा तो म्हणाला, "याच्यात जास्तीची झाली." एकदा मी तापानं फणफणलो होतो. हा भेटायला आला तो थेट माझ्या छातीला कान लावून बसला आणि माझ्या बायकोला म्हणाला, "वहिनी, मास्तरचं इंजिन चांगलं आहे. फक्त फिल्टर साफ करा."

मी तिथल्या शाळेत विज्ञान शिकवायचो. ऐंशी सालाच्या आसपासची गोष्ट. तुळशीरामभाऊ माझा शेजारी, पंप आणि इंजिनं दुरुस्त करायचा. त्याच्या दुकानापुढच्या कडुनिंबाखाली एका मालगुजाराकडून घेतलेली जुनी अमेरिकन मोटार उभी असे. बोनेट एवढं लांब, की चालवणारा कडुनिंबाच्या सावलीत आणि दिवे उन्हात. सहा सिलिंडरं, वय माझ्याहून थोडं जास्त आणि चाल साधारण माझ्यासारखी. सायकलवाले तिला घंटी वाजवून मागे टाकत.

या मोटारीनं एक घर फोडलं होतं, हे मला गावात आल्यावर आठवड्याभरातच कळलं. तुळशीरामभाऊचा थोरला भाऊ देवाजी एकोडीला शेती करायचा. आईबापांमागे त्यानंच याला वाढवलं. वाटणी झाल्यावर यानं तलावाजवळच्या आपल्या वाट्याच्या धानशेतीच्या बांध्या विकून ही मोटार आणली. देवाजी म्हणाला, "बापाची जमीन विकून डबडं आणलं! माह्या दारात पाय ठेवू नको." हाही कमी नव्हता. म्हणाला, "तू बस बैलाच्या शेपट्या पिळत!" झालं. नऊ वर्षं बोलणं बंद. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही, अशातली दोघांची गत.

तर एका दुपारी तुळशीरामभाऊ मधल्या सुट्टीत शाळेत आला. हातात एक शंखासारखं लोखंडी धूड. खाणीवरच्या भंगारात निघालेल्या डंपरचं होतं. "मास्तर, याले टर्बो म्हणते," तो म्हणाला. मी पुस्तकी माणूस. उघडपणे मान हलवली आणि मनात घाबरलो.

"चुलीत फुंकणीनं फुंकलं का जाळ कसा भडकते? तसंच आहे. फक्त हिथं फुंकाले माणूस लागत नाही. इंजिनचा जो धूर वाया जाते, तोच हा पंखा फिरवते, अन् पंखा हवा कोंबते. आपल्या म्हाताऱ्या मोटारीची हवा कमी पडून राहिली, मास्तर. तिले फुंकणी लावून देतो."

चार महिने तो गावाच्या दृष्टीनं वेडा होता. भंडाऱ्याच्या कासाराकडून पितळेचा पाइप घडवून आणला. त्यावर ठोक्यांची अशी सुरेख नक्षी, की आमची ही म्हणाली, तांब्याच्या जागी पूजेत ठेवला तरी चालेल. गास्केट तीनदा उडालं. चौथ्यांदा उडालं तेव्हा त्याच्या भुवयाही गेल्या. पण मोटार चालली! आता अडचण एवढीच, की डंपरचा तो भला मोठा पंखा मोटारीच्या इवल्या धुरानं लवकर फिरेना. शाळेपुढे पाय दाबला की सात आकडे मोजेपर्यंत काही नाही, आणि मग एकदम शिटी वाजून मोटार अशी सुटायची, की मागच्या सीटवर त्याची बायको मारुतीचं नाव घ्यायची. "बोलावलं तं येत नाही," ती म्हणायची, "अन् आशा सोडली का येते."

धान घरात आलं, थंडी पडली आणि शंकरपटाचे, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतींचे दिवस आले. देवाजीची बैलजोडी पंचक्रोशीत नावाजलेली. तुळशीरामभाऊनं मला एकोडीला पिटाळलं. निरोप असा: पटावर माझी मोटार आणि तुझे बैल. हरणाऱ्यानं जिंकणाऱ्याला सगळ्यांदेखत नारळ-दुपट्टा द्यायचा.

देवाजी बैलांना तेल लावत होता. माझ्याकडे न बघताच म्हणाला, "त्याच्या मोटारीले सांगा, बैल तयार आहेत."

मला रात्रभर झोप नाही. बैल जिंकले तर यानं चार महिने जिवाचं रान केलेलं मातीत जाणार. मोटार जिंकली तर देवाजी मरेपर्यंत याचं तोंड पाहणार नाही. मी दोन्हीकडून हरलेला पाहुणा.

पटाच्या दिवशी पाच-सहा गावं लोटली. झेंडी पडली. बैल उधळले. आमची मोटार वरातीतल्यासारखी निघाली. लोक ओरडले, "उतरून ढकला गा!" मी मनात आकडे मोजत होतो. बैल शेवटाला पोचले, धुरकऱ्यानं कासरे खेचले, आणि त्यानंतर फुंकणीला जाग आली. शिटी वाजली. मोटार सुसाट निघाली, झेंडीवाल्याला पळवून, शेताचा एक बांध ओलांडून धानाच्या तणसीच्या ढिगात शिरली. फक्त मागचे दिवे बाहेर राहिले.

तुळशीरामभाऊ तणस झटकत आला. ठरल्याप्रमाणे देवाजीच्या हातात नारळ दिला, गळ्यात दुपट्टा टाकला आणि वाकून पाय धरले. ते काही पैजेत नव्हतं. बराच वेळ उठलाच नाही.

देवाजी मोटारीच्या दिव्यांकडे बघत म्हणाला, "तुह्यासारखीच आहे. उशिरा उठते." मग त्याच्याकडे वळून, "भुवया कायले जाळल्या बावा?" आणि दुपट्ट्याच्या टोकानं त्याच्या कपाळावरचा भुसा पुसायला लागला. मी दुसरीकडे पाहिलं. माझ्याही डोळ्यांत भुसाच गेला असावा.

दोन दिवसांनी दुकानात मी त्याला धरलं. "भाऊ, सात आकड्यांनंतर ती जागी होते, हे तुम्हाला ठाऊक होतं. बैल त्याआधी पोचतात, हेही ठाऊक होतं. मग पैज कशाला लावली?"

तो पान्यानं नट आवळत राहिला. "जिंकलो असतो तं दादाले माह्या गळ्यात दुपट्टा टाकावा लागला असता. थोरल्यानं लहान्यापुढं हरावं, बरं दिसते काय?"

"आणि चार महिन्यांची मेहनत?"

"मास्तर," तो वर न बघता म्हणाला, "नऊ वर्षं झाले, त्याच्या पाया पडाचं कारण शोधून राहिलो होतो."