हान बाई जेवायला आल्या

ज्याला जपानी येते त्याला कोरियन शिकावी लागत नाही, ती आपोआप येते, असं मी एके काळी छातीठोकपणे सांगत असे. नुसतं सांगत नसे, त्यावर प्रबंध लिहीत होतो! ‘जपानी आणि कोरियन भाषांतील आदरार्थी रूपांचा तुलनात्मक अभ्यास.’ सहा वर्षं चालू होता. माझ्या मार्गदर्शक सरोजिनीबाई सदाशिव पेठेत राहायच्या. हा सिद्धांत ऐकून त्या हातातल्या कागदावरून नजरही न उचलता म्हणाल्या, “वा! मग पोहता येणाऱ्याला उडताही येत असेल.”

मी मनावर घेतलं नाही. माझ्याकडे सूत्र होतं! दोन्ही भाषांनी जुन्या काळी चिनीतून पोतीच्या पोती शब्द उचललेले. जपानीत वचन म्हणजे ‘याकुसोकु’, कोरियनमध्ये ‘याक्सोक’. जपानीत ग्रंथालय ‘तोशोकान’, कोरियनमध्ये ‘तोसोग्वान’. जपानी शब्द घ्यायचा, जरा वाकवायचा, झाला कोरियन! वाक्यरचना तर दोन्हीकडे आपल्या मराठीसारखीच, क्रियापद शेवटी. मग राहिलं काय?

राहिलं होतं ते एवढंच, की मी आयुष्यात एकाही कोरियन माणसाशी बोललो नव्हतो.

मी तसा जन्माचा स्वप्नाळू. हिंजवडीत आमच्या घरामागं जिथं ज्वारी डुलायची तिथं आता सात मजली काचेची कंपनी आहे. दुपारी तिच्या काचांमधून ढग जातात. आमच्या गच्चीवर बसून ते ढग बघता बघता मी थेट सोल शहरात पोचायचो. रस्त्याच्या कडेनं पंख्याच्या आकाराची पिवळी पानं हलकेच गळताहेत, मी सभागृहात निबंध वाचतोय, पहिल्या रांगेतले वृद्ध विद्वान माना डोलावताहेत...

“मच्छू! खाली ये! दळान आनायचंय!”

प्रेमलाकाकीची हाक आली की सगळी पानं हवेतच थांबायची.

अशात एक दिवस कळलं, की सोलच्या प्राध्यापिका हान या समोरच्याच काचेच्या कंपनीत व्याख्यानाला येणार आहेत. परदेशी संशोधकांना सहा महिन्यांची शिष्यवृत्ती देणाऱ्या समितीच्या त्या प्रमुख! मी तत्काळ पत्र धाडलं. दुपारचं जेवण आमच्या घरी घ्यावं, ही विनंती केली. एवढ्यावर थांबायचं की नाही? पण नाही! खाली लिहिलं, ‘माझ्याशी कृपया फक्त कोरियनमध्येच बोलावे. इतर भाषा वापरल्यास मला वाईट वाटेल.’

त्यांचं एका ओळीत उत्तर आलं, की येते.

“पाव्हणीचं नाव काय म्हनलास?” हिंदुरावकाकांनी विचारलं.

“हान.”

“कुनाला?”

“कुणाला नाही काका, आडनाव आहे ते!”

काकी दोन दिवस खपत होती. मासवडी, आमटी, ज्वारीच्या भाकरी, इंद्रायणीचा भात आणि कडेला ठेचा. शिष्यवृत्ती म्हणजे काय ते तिला ठाऊक नव्हतं. पण सहा वर्षं गच्चीवर बसलेल्या पुतण्याचं काहीतरी या बाईच्या हातात आहे, हे तिनं बरोबर ओळखलं होतं.

हान बाई आल्या. साठीच्या, लहानखुऱ्या, पांढरे केस अगदी नीट कापलेले. ओसरीवर पाट मांडले होते. एका बाजूला काका, मध्ये बाई, शेजारी मी. वाकून नमस्कार झाले. मी सूत्रानं तयार केलेलं स्वागताचं वाक्य म्हटलं. बाईंनी ते शांतपणे ऐकलं आणि त्या कोरियनमध्ये बोलू लागल्या.

काय सांगू तुम्हाला! काय तो आवाज! उन्हातून वाऱ्याची झुळूक यावी तसा. अर्थ कळत नव्हता, हे खरं, पण प्रत्येक वाक्याच्या शेवटी येणारा तो ‘यो’ ऐकून मी विरघळलो. हेच ते आदरार्थी रूप! समोर काचेत ढग चालले होते. आमटीचा वास येत होता. मी सोलला निघालो.

इकडे काय घडत होतं ते मला नंतर काकांनी सांगितलं.

काकीनं मासवडीकडे बोट दाखवून विचारलं, “वाढू का आजून?”

बाई हसून म्हणाल्या, “ने, ने!”

काकी थबकली. “ने म्हनतीय. आवडलं नसंल.” तिनं मासवडीचं भांडं आत नेलं. मग भाकरीची टोपली दाखवली. “ही तरी?”

“ने!” बाई आणखी उत्साहानं म्हणाल्या.

टोपलीही आत गेली. जाता जाता काकीनं मला विचारलं, “मच्छू, ही न्या बी म्हनत न्हाई रं, सरळ ने म्हनती. मी काय हिच्या बरोबरीची हाय का?”

मी सोलमध्ये होतो. म्हणालो, “हं... हं.”

राहता राहिला ठेचा. काकीनं पळी पुढं केली. बाईंनी चिमूटभर चाखला होता, तेवढ्यानं त्यांचे कान लाल झाले होते. त्या दोन्ही हात हलवत म्हणाल्या, “आनियो! आनियो!”

“आनी यो?” काकीचा चेहरा उजळला. “आनी ह्योच पायजे व्हय! अवं घ्या की!” आणि पळीभर ठेचा ताटात पडला.

“आनियो! आनियो!”

“बघा, कशी मागून घेती!” काका कौतुकानं म्हणाले. “वाढ, वाढ!”

पाहुण्यांनी पानात टाकू नये, हे तिकडेही मानत असावेत. बाईंनी डोळे मिटले आणि घास घेतला. पुढच्या क्षणी त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या. पाण्याचा तांब्या होता माझ्या पलीकडे. त्या हात पसरून ओरडल्या, “मुल! मुल!”

“मूल?” काकी गोंधळली. “मच्छू, मूल मागतीय का रं?”

“हं... हं,” मी म्हणालो. तेव्हा माझ्या निबंधाला टाळ्या पडत होत्या.

काकी धावत आत गेली, वहिनीच्या आठ महिन्यांच्या लेकीला पाळण्यातून उचललं आणि आणून बाईंच्या मांडीवर ठेवलं!

लेकीनं भोकाड पसरलं आणि त्या आवाजानं मी एकदाचा सोलहून परतलो. बघतो तर काय, ताटात ठेच्याचा डोंगर, मांडीवर रडणारं मूल आणि हान बाईही रडताहेत!

आता काहीतरी बोलणं भाग होतं. ‘आपण ठीक आहात ना?’ एवढंच विचारायचं होतं. जपानीत ‘ठीक’ला म्हणतात ‘दाइजोबु’. लावलं सूत्र, वाकवला शब्द. देजांगबू! अत्यंत अदबीनं मान लववून मी विचारलं, “देजांगबू-इम्निक्का?”

बाईंचं रडणं थांबलं. बाळाचंही थांबलं. बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. मग तांब्याकडे त्यांनीच हात लांबवला, घटाघटा पाणी प्यायल्या, पदरासारखा रुमाल तोंडाला लावला आणि उत्तम जपानीत म्हणाल्या, “मच्छिंद्र-सान, तुमच्या पत्राचा मान राखून इतका वेळ फक्त कोरियनच बोलले. आता जपानीत बोलते, वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही मला आत्ता विचारलंत, की आपण रांगडे मर्द गडी आहात काय?”

मला जमीन दुभंगून हवी होती. पण हिंजवडीत जमिनीचा एवढासा तुकडाही शिल्लक नव्हता!

मग बाईंनी एकेक शब्द सांगितला आणि मी मान खाली घालून तो मराठीत आणला. ‘ने’ म्हणजे हो. ‘आनियो’ म्हणजे नाही. ‘मुल’ म्हणजे पाणी.

काकी पळी हातात घेऊन उभीच राहिली. “म्हंजी ती हो म्हनली तवा मी पुढ्यातलं उचललं? आनी नगं म्हनली तवा वाढलं?” तिचे डोळे भरून आले. “घरी बोलावून उपाशी ठिवली की रं मी तिला! आनी तू शेजारी बसून हं हं करीत हुतास!”

सहा वर्षांत मला माझ्या प्रबंधाची पहिल्यांदाच लाज वाटली.

मासवडी परत आली. भाकरी आली, वर तुपाची धार आली. यावेळी काकीनं विचारलं, “ने?” बाई म्हणाल्या, “ने!” आणि काकीनं वाढलं. पुढचा तासभर त्या दोघी बोलत होत्या. एक कोरियनमध्ये, एक मराठीत. काकी मासवडी कशी थापायची ते हातांनी दाखवत होती, बाई वहीत लिहून घेत होत्या. बाळ त्यांच्या मांडीवर झोपून गेलं. दुभाषी म्हणून मी दोनदा तोंड उघडलं, तेव्हा दोघींनीही हातानंच गप्प बसवलं.

निघताना मी चाचरत शिष्यवृत्तीचं विचारलं. बाई काचेतल्या ढगांकडे बघत म्हणाल्या, “कळवते.”

तीन आठवड्यांनी सोलचं पाकीट आलं. काकी मसाल्याचे हात पुसत धावत आली. “घेतलं का रं तुला?”

“घेतलं.”

“कुठं?”

“कोरियन भाषेच्या वर्गात.”

“कितवीच्या?”

“पहिलीच्या.”

काकी आत जाऊन साखरेचा डबा घेऊन आली, चिमूटभर माझ्या तोंडात घातली आणि म्हणाली, “असू दे. पैली चांगली पक्की कर.”

तर मंडळी, मी सहा महिने भाषेच्या अभ्यासासाठी सोलला होतो, असं मी पुण्यात सगळ्यांना सांगतो, आणि त्यात काडीचंही खोटं नाही. फक्त वर्गात माझ्या बाकावर एक अठरा वर्षांची व्हिएतनामी मुलगी बसायची, आणि चाचणीच्या दिवशी ती वहीवर हात आडवा धरून लिहायची, एवढं कोणाला सांगू नका.