दोन चुलींचं कुत्रं

पिंपळगाव रेणुकाईचे तातेराव आपल्या लेकीसाठी घर बघायला वडीगोद्रीला येणार होते. त्या सकाळी रखमाजींनी धाकट्या भावाला, कडूबाला, शेजारच्या भंवरलाल शेठकडून खुर्च्या आणायला पाठवलं. कडूबाने शेठच्या ओट्यावरची एक खुर्ची उचलली आणि तो जागच्या जागी थिजला. समोर एक कुत्रं दात विचकून उभं होतं. परकं असतं तर गोष्ट वेगळी. ते त्यांचंच होतं.

"टायगर! आबे, मी हाय!" कडूबा ओरडला. कुत्र्याने ओळख दाखवली नाही.

आवाज ऐकून रखमाजी धावले आणि त्यांनी कडूबाच्या हातातली खुर्ची धरली. "टायगर कशाला म्हन्तो त्याला? सरदार नाव हाय त्याचं. सरदार, हट!"

सरदार हटला नाही. उलट त्याने रखमाजींच्या नव्या कोऱ्या धोतराचा सोगा दातांत धरला. रखमाजींच्या एका हातात खुर्चीचा पाय, दुसऱ्या हातात सुटत चाललेलं धोतर, आणि नेमकी तेव्हाच पाहुण्यांची जीप येऊन उभी राहिली.

"भैरू, छोड रे! शेजारचे हायेत ते," म्हणत शेठाणी लाडबाई बाहेर आल्या. कुत्र्याने सोगा सोडला आणि शेपूट हलवत ते त्यांच्या पायाशी जाऊन बसलं.

"लई इमानी कुत्रं हाय. शेठजींचं का?" तातेरावांनी जीपमधून उतरता उतरता विचारलं.

"हो, शेठजींचंच," रखमाजी धोतर सावरत म्हणाले. आपल्याच कुत्र्याने आपल्याला चोर ठरवलं, हे सांगणार कोणत्या तोंडाने?

रखमाजींच्या शिवाजीचं लग्न काही केल्या जमत नव्हतं. तातेरावांची मुलगी सगळ्यांना पसंत होती. भावांच्या चुली वेगळ्या झाल्यात, मनं तर वेगळी झाली नाहीत ना, एवढंच तातेरावांनी विचारून पाठवलं होतं. मध्यस्थाने छातीठोकपणे सांगितलं होतं, "अहो, हिरीवरची मोटर चोरीला गेल्यावर दोघांनी बदनापूरहून कुत्रं आणलं, ते बी साझ्यात! सकाळची भाकर थोरल्याची, सांजची धाकल्याची."

ठरलं होतं तसंच. पण सकाळी रखमाजींच्या साळूबाईंना वाटे, रात्रीचं शिळंपाकं धाकट्या जावेने, नंदाने, घातलंच असेल. संध्याकाळी कडूबाच्या नंदाबाईला वाटे, दुपारचं उरलेलं मोठ्या जाऊबाईंनी टाकलं असणार. दोघींपैकी कुणी दुष्ट नव्हती. विचारायला जावं तर हिशेब मागितल्यासारखं दिसतं, म्हणून कुणी विचारलं नाही, एवढंच. शेजारी लाडबाईंकडे मात्र पहिली रोटी गाईची आणि शेवटची कुत्र्याची, असा मारवाडातून आलेला रिवाज होता. कुत्र्याला घर बदलायला कचेरीत जावं लागत नाही. ते गेलं.

बैठक कडूबाच्या ओसरीवर होती. चहा झाला. तातेरावांनी विचारलं, "तुमचं ते साझ्याचं कुत्रं दिसंना कुठं?"

"शेतात हाय," रखमाजी म्हणाले. "मोटरीवर राखण करून राह्यलं."

कडूबाने भावाकडे चमकून पाहिलं. तेवढ्यात लाडबाई स्वतः राहिलेली खुर्ची घेऊन आल्या. "रखमाजी, तुमचं कुत्रं आजच्या रोज बांधून ठेवू का? पाव्हण्यांच्या अंगावर जाईल. न्हाई तरी माझ्याकडंच जेवून राह्यलं ते, जवापासून आणलं तवापासून."

तातेरावांनी कप खाली ठेवला. "म्हंजे शेतातलं कुत्रं अन् शेठजींचं कुत्रं एकच हाय का?"

रखमाजींना वाटलं, धरणीने पोटात घ्यावं. त्यांनी मान खाली घातली आणि विषय बदलायला घाईघाईने म्हणाले, "चला, जेवायला बसू. कडूबा, ताटं मांडायला सांग."

"माझ्या घरी?" कडूबाने आतल्या दाराकडे पाहिलं.

आतून दोघी जावांचा दबका आवाज येऊ लागला. तो हळूहळू दबका राहिला नाही.

"बाई, लगीन तुमच्या पोराचं, मंग सैपाक माझ्या घरी कसा?"

"बैठक तुझ्या ओसरीवर टाकली, मंग पंगत बी तिथंच असन ना! मी तर चूल बी पेटवली न्हाई."

"अन् मी पेटवली का? मी म्हन्लं, पुरणाचा घाट तुमच्याकडंच घातला असन!"

ओसरीवर सगळ्यांना सगळं ऐकू गेलं होतं. तातेराव कुणाकडेही न बघता म्हणाले, "दोन घरचा पाव्हणा उपाशी म्हन्तेत, ते काई खोटं न्हाई."

पाहुण्यांना शेवटी लाडबाईंनी जेवू घातलं. त्यांच्या ओट्यावर पंगत बसली, दाल-बाटीवर तुपाची धार पडली. शेवटची रोटी लाडबाईंनी कुत्र्यापुढे ठेवली. रखमाजींना त्याच्याकडे बघवेना. आपण आणि हे कुत्रं आज एकाच दारात जेवतो आहोत, आणि त्यातलं लाजतोय फक्त आपण, असं त्यांना वाटलं.

निघताना तातेराव म्हणाले, "पोरगं झ्याक हाय, रखमाजी. पण माझी लेक तुमच्या घरात उपाशी राह्यची न्हाई, हे मी कशावरून समजू? दिवाळी झाली की येतो. हे कुत्रं तुमच्या दारात बसून माझ्यावर भुंकलं, की सुपारी फोडू."

त्या दिवसापासून कुत्र्याचे दिवस फिरले. साळूबाई दुधात भाकरी कुस्करून आणत, नंदाबाई वर साय घाली. घातलं का, असं दोघी एकमेकींना न लाजता विचारू लागल्या. ज्यांनी जन्मात कधी कुणाला वाढलं नव्हतं, ते रखमाजी स्वतः कुत्र्यासमोर उकिडवे बसू लागले. कुत्रं दोन्ही घरचं खाऊन चांगलं गुबगुबीत झालं आणि तोंड पुसल्यासारखं करून लाडबाईंच्या ओट्यावर झोपायला जाऊ लागलं.

दिवाळी झाली. तातेराव आज येतो म्हणाले. रखमाजी सकाळीच लाडबाईंच्या ओट्याखाली येऊन उभे राहिले. वर चढायचा धीर होईना.

"खुर्च्या पाहिजे का? घेऊन जा की."

"खुर्च्या न्हाई, भाभी. खुर्च्या आता घरच्या घेतल्या." रखमाजींनी ओट्यावरच्या कुत्र्याकडे बघितलं. "आजच्या रोज कुत्रं मिळंल का?"

लाडबाईंनी हसू पदराआड लपवलं. "बिलकुल न्या. पण सांजच्या रोटीला वापस आणून सोडा. अन् हाक मारताना भैरू म्हणा. दुसऱ्या नावानं तो उठत न्हाई."

रखमाजींनी रस्त्यावर कुणी नाही ना, ते बघितलं आणि खालच्या आवाजात हाक मारली, "भैरू, चल बाबा."

कुत्रं उठलं. पण आधी त्याने लाडबाईंकडे बघितलं.