खालच्यांकडून वरच्यांना गालिचा

कुणालाही न दुखावता आवाज बंद करावा तो मीच! या कामात माझा हात कोणी धरणार नाही.

बायको ध्वनिपुस्तकांसाठी गोष्टी वाचते. कुठे, तर आमच्या भाड्याच्या घरात, कपड्यांच्या कपाटात बसून, म्हणजे आवाज घुमत नाही. बरोबर डोक्यावर राहतात निवृत्त कवायत-मास्तर. गोष्टीतल्या राजकन्येने डोळे मिटले रे मिटले, की वरून धप्प! शेवटी स्टुडिओवाल्याने बजावलं, "ताई, पुन्हा धपधप आली तर हे पुस्तक दुसऱ्या कुणाला तरी देतो."

"मी वर जाऊन सरळ सांगते," बायको म्हणाली.

"छे! उगाच वाईटपणा कशाला? तू बघच!"

मी चांगला जाडजूड गालिचा आणला आणि मास्तरांना नेऊन दिला. "सहजच हो! शेजारधर्म!" मास्तर गहिवरले. तो दिवस शांत गेला. मी घरभर कॉलर ताठ करून हिंडलो.

दुसऱ्या दिवशी छत हादरलं! एकटे मास्तर नव्हेत, अख्खी पलटण! पंखा डुलायला लागला. धावत वर गेलो, तर गालिच्यावर सात-आठ आजी-आजोबा उड्या मारताहेत.

"या, या!" मास्तर गरजले. "तुमच्या गालिच्यावर गुडघे दुखतच नाहीत! म्हटलं, वर्गच काढावा. मंडळी, हेच ते दानशूर!"

टाळ्या पडल्या. आता काय सांगणार, कपाळ? मीही दोन उड्या मारल्या आणि खाली आलो.

बायकोने चपला घातल्या, वर गेली आणि लगेच परतही आली.

"काय म्हणालीस त्यांना?"

"म्हटलं, मास्तर, दुपारी माझं रेकॉर्डिंग असतं, उड्यांचा आवाज येतो. ते म्हणाले, अगं पोरी, आधी नाही का सांगायचं! वर्ग उद्यापासून सकाळी, बागेत."

एवढंच! मला भयंकर राग आला. पण दुसऱ्या दिवसापासून दुपारी घरात खरंच टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. गालिच्याचंही काही श्रेय असेलच की!

पुस्तक पूर्ण झालं. स्टुडिओवाल्याचा फोन आला. "ताई, धपधप पार गेली! पुस्तक तुमचंच. फक्त पुन्हा एकदा वाचावं लागेल. मागे सारखे कोणीतरी गृहस्थ कुजबुजताहेत, 'बघ, आहे की नाही शांत? गालिचा कुणी आणला?' त्यांचं तेवढं काहीतरी बघा."

बायकोने बघितलं. हल्ली ती कपाटात शिरली, की माझी रवानगी वर मास्तरांकडे होते. गालिच्यावर मांडी घालून बसायचं. हलायचं नाही, खाली आवाज जातो!